फेडरेशनच्या खरेदीवर लक्ष कसं ठेवायचं: सोसायटीच्या नव्या प्रतिनिधीसाठी

पुणे, ठाणे, नवी मुंबई इथल्या मोठ्या संकुलांत गेट एक आणि सोसायट्या आठ, हे आता नेहमीचं झालं आहे. वॉचमन, झाडलोट, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र), टँकर, आतल्या रस्त्यांचे दिवे, बाग, हे सगळं प्रत्येक सोसायटीने वेगळं घेणं शक्यच नसतं. म्हणून सोसायट्यांची मिळून एक फेडरेशन असते आणि ती सगळ्यांच्या वतीने खरेदी करते, ठेके देते, बिलं भरते. मालक सोसायट्या, पैसा सभासदांचा, पण रोजचा कारभार चार-पाच जणांच्या हातात.

अशा फेडरेशनवर तुमच्या सोसायटीने तुम्हाला पहिल्यांदाच पाठवलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बहुतेक नवी माणसं निविदेकडे लक्ष देतात: कोणाचा दर कमी, कोणाचा जास्त. निविदा महत्त्वाची आहेच, पण ती दोन वर्षांतून एकदा निघते. ठेकेदाराचं बिल दर महिन्याला येतं. खरी देखरेख त्या बिलावर सही होताना होते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या सहीच्या तयारीसाठीच आहेत.

पायरी 1: फेडरेशन कागदावर आहे का, ते पहा

पहिल्या बैठकीआधी नोंदणी प्रमाणपत्र मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार संघीय संस्थेचे किमान पाच सभासद स्वतः संस्था असावे लागतात आणि सर्वसाधारण सभेतली किमान चार-पंचमांश मतं त्या संस्थांकडे असावी लागतात. महारेराच्या नियमांनुसार संकुलातल्या शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला) मिळाल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरने शिखर संस्थेसाठी, म्हणजे अशा फेडरेशनसाठी, अर्ज करायचा असतो. शेवटची इमारत कधी पूर्ण होते, हा मात्र वेगळा विषय.

त्यामुळे बऱ्याच ठिकाणी 'फेडरेशन' म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप आणि कोणा एका सोसायटीचं बँक खातं, एवढंच असतं. ती सोसायटी ठेकेदाराला पैसे देते आणि बाकीच्यांकडून वर्गणी गोळा करते. मग टीडीएस कोणी कापायचा, हिशेब कोणाच्या ताळेबंदात दिसायचा, ठेकेदाराने दावा लावला तर प्रतिवादी कोण, या प्रश्नांना उत्तर नसतं. तुमच्याकडे अशी स्थिती असेल तर नोंदणी होईपर्यंत दोन गोष्टी लावून धरा. सगळ्या सोसायट्यांच्या सह्यांचा लेखी सामंजस्य करार करून घ्या, आणि ठेकेदाराला प्रत्येक सोसायटीच्या नावाने तिच्या वाट्याचं वेगळं बिल द्यायला सांगा. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

नोंदणी झालेली असेल तर उपविधींची, म्हणजे संस्थेच्या नियमावलीची, प्रत घ्या आणि तीन ठिकाणी खूण करा: मतं कशी मोजतात, वर्गणी कशी वाटतात, आणि कमिटीला सभेशिवाय किती खर्च करता येतो. मतं दर सोसायटीला एक आणि वर्गणी फ्लॅटच्या संख्येवर, असं असेल तर 40 फ्लॅटची सोसायटी आणि 220 फ्लॅटची सोसायटी यांच्यात रुसवेफुगवे होणारच. ते तुमच्या आधीपासून चालत आले असतील. पहिल्याच बैठकीत त्यात उडी घेऊ नका, पण मूळ कशात आहे ते ठाऊक असू द्या.

पायरी 2: स्वतःच्या सोसायटीचा ठराव खिशात ठेवा

फेडरेशनमध्ये तुम्ही व्यक्ती म्हणून बसत नाही. तुमच्या कमिटीने तुमच्या नावाचा ठराव केलेला हवा आणि त्याची प्रत फेडरेशनच्या दप्तरात हवी. काय ठरवायचे अधिकार तुम्हाला आहेत आणि कशासाठी विचारून यायचं, हेही त्या ठरावातच लिहून घ्या.

इथे एक गाठ असते, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 2014 च्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या कमिटीला सामाईक मालमत्तेच्या दुरुस्ती-देखभालीवर एका वेळी ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करता येतो: 25 सभासदांपर्यंत 25,000 रुपये, 26 ते 50 सभासदांना 50,000, आणि त्यापुढे 1,00,000. त्यावरच्या रकमेला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. समजा फेडरेशनने रस्त्याच्या डांबरीकरणाचं काम काढलं आणि तुमच्या सोसायटीचा वाटा तीन लाख आला. बैठकीत तुम्ही मान डोलावली तरी तुमच्या कमिटीला ते पैसे देण्याचा अधिकार नसू शकतो. म्हणून मोठ्या कामाचा विषय अजेंड्यावर दिसला की आधी आपल्या सचिवांना विचारायचं, मग बोलायचं.

पायरी 3: चालू ठेक्यांची एक वही करा

संगणकावर करा किंवा साध्या दोनशे पानी वहीत. प्रत्येक ठेक्यासाठी लिहायचं: काम कोणतं, ठेकेदार कोण, दर काय, करार कधी संपतो, नोटीस किती दिवसांची, अनामत किती, आणि कामावर लक्ष ठेवणारा कमिटीतला माणूस कोण. शेवटच्या रकान्यात नाव सापडलं नाही तर त्या ठेक्यावर कोणाचंच लक्ष नाही असं खुशाल समजा.

वही भरताना खरेदी दोन जातींची आहे हे कळेल. पहिली सामाईक: गेटवरचा वॉचमन, एसटीपी, बाग. करार फेडरेशनचा, बिल फेडरेशनला. दुसरी दरकराराची. समजा आठ सोसायट्यांच्या लिफ्ट एकाच कंपनीच्या आहेत. फेडरेशन सगळ्यांच्या वतीने देखभालीचा दर ठरवते, पण करार प्रत्येक सोसायटी आपापला करते. दरकरारात घासाघीस करायला ताकद मिळते हे खरं. पण काम बरं झालं की वाईट, हे आठ ठिकाणी विखुरलेलं राहतं आणि फेडरेशनला त्याचा पत्ताच नसतो. दर तीन महिन्यांनी प्रत्येक सोसायटीकडून लिफ्ट किती वेळा बंद पडली आणि माणूस किती वेळात आला, एवढंच मागवा. पुढच्या वेळी दर ठरवताना तोच कागद कामाला येतो.

दरकरारात फेडरेशन किंवा तिचा कोणी पदाधिकारी कंपनीकडून काही 'सेवा शुल्क' घेतो का, हेही विचारा. फेडरेशन घेत असेल तर ते तिच्या हिशेबात जमा दिसलं पाहिजे. कोणा एकाच्या खिशात जात असेल तर त्याला दुसरा शब्द आहे.

पायरी 4: निविदा वाचायला शिका

दर मागवण्याआधी कामाचं वर्णन लिहा, आणि सगळ्यांना तेच पाठवा. 'सिक्युरिटीचं कोटेशन द्या' असं फोनवर सांगितलं की एक जण आठ तासांच्या पाळीचा दर देतो, दुसरा बारा तासांचा, आणि तुलनात्मक तक्त्यात दोघे शेजारीशेजारी बसतात.

सिक्युरिटीचं गणित एकदा स्वतः करून पहा. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा असेल तर आठवड्याचे 168 तास झाले. एका माणसाचे आठवड्याचे 48 तास धरले तर 168 भागिले 48, म्हणजे साडेतीन माणसं. आठवड्याची सुट्टी त्यातच आली, रजा मात्र वेगळी धरायची. कोणी दोन माणसांत चोवीस तास देतो म्हणाला तर तो त्यांना बारा-बारा तास सुट्टीशिवाय उभं करणार. ओव्हरटाइम द्यायचा तर त्याचा दर परवडणार नाही, म्हणून तो ओव्हरटाइम देणार नाही.

आता दर उलगडा. किमान वेतन, त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) प्रशासकीय खर्चासह साधारण 13 टक्के, ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) 3.25 टक्के, बोनस किमान 8.33 टक्के, रजा, गणवेश, आणि शेवटी एजन्सीचा नफा. हे सगळं ठेकेदाराला सुटं लिहून द्यायला सांगा. जी निविदा या बेरजेच्या खाली येते, ती स्वस्त नसते. फरक कुठून तरी भरून निघतो, बहुतेक वेळा वॉचमनच्या पगारातून. ठेकेदाराने पीएफ-ईएसआय भरलं नाही तर काम करून घेणारी संस्था (कायद्याच्या भाषेत 'मुख्य मालक') म्हणून वसुली तुमच्याकडे येऊ शकते. सिक्युरिटी एजन्सीला 2005 च्या केंद्रीय कायद्याखालचा परवानाही लागतो. तो चालू आहे का ते पहा, नुसती झेरॉक्स घेऊन समाधान मानू नका. महाराष्ट्रात 1981 च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळंही आहेत. तुमच्या भागात मंडळ असेल तर ठेका देण्याआधी तिथे चौकशी करा.

आता तीन कोटेशनांची गोष्ट. तीन हवीत, हा सगळीकडचा रिवाज. त्यामुळे कधीकधी एकच माणूस तिन्ही आणून देतो. ओळखायचं कसं? तिन्ही कागद शेजारी ठेवा. लेटरहेड वेगळी असतात, पण आतल्या चुका सारख्या असतात: 'हाऊसकिपींग' तिन्हींत त्याच ऱ्हस्व-दीर्घाने चुकलेलं, बेरजेच्या ओळीत तीच मोकळी जागा. मग जीएसटी क्रमांक पहा. पंधरा अक्षरी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दोन 'वेगळ्या' फर्मच्या क्रमांकात ती दहा अक्षरं एकच निघाली तर मालक एकच आहे. बैठकीत आरडाओरडा करायची गरज नाही. दोन्ही कागद अध्यक्षांसमोर सरकवा आणि तो भाग बोटाने दाखवा.

बंद पाकिटं बैठकीतच उघडा, हजर असणाऱ्यांच्या प्रत्येक पानावर सह्या घ्या, आणि सर्वांत कमी दर नाकारला तर का नाकारला ते इतिवृत्तात लिहा. कमिटीतल्या कोणाचं ठेकेदाराशी नातं किंवा धंद्याचा संबंध असेल तर त्याने तो लेखी सांगायचा आणि त्या विषयावर बाहेर बसायचं. संस्थेच्या ठेक्यात कमिटी सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये, हे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच आहे. दिवाळीच्या मिठाईचा डबा यात धरायचा का, यावर प्रत्येक फेडरेशनमध्ये वाद होतो. माझं मत: डबा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून द्यावा.

पायरी 5: करारात मोजता येईल असंच लिहा

'समाधानकारक सेवा देईल' या वाक्यावर एक रुपयाही कापता येत नाही. त्याऐवजी: 'रात्रपाळीत मंजूर संख्येपेक्षा माणूस कमी असल्यास त्या पाळीचा दर आणि वर तेवढाच दंड.' 'जिना आठवड्यातून दोनदा ओला पुसणे, न पुसल्यास त्या विंगच्या त्या दिवसाच्या रकमेची कपात.' पाच-सहा अटी पुरेत. वीस लिहिल्या तर एकही तपासली जाणार नाही.

करार आपोआप वाढण्याची अट काढून टाका. तीस दिवसांची नोटीस दोन्ही बाजूंनी ठेवा. आणि जाणारा ठेकेदार चाव्या, रजिस्टर, पंपांच्या स्टार्टरची माहिती, एसटीपीच्या नोंदी कशा सोपवेल हे आधीच लिहा. भांडून गेलेला ठेकेदार कॅमेऱ्यांचा पासवर्ड सोबत घेऊन जातो.

पायरी 6: महिनाभर नोंदी

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो.

टँकरचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात संकुलात रोज दहा-बारा टँकर येतात. चलनावर लिहिलेलं असतं 10,000 लिटर. वॉचमन सही करतो, महिन्याअखेर चलनांचा गठ्ठा लावून बिल येतं. पाणी खरंच दहा हजार लिटर होतं का? खालच्या टाकीची लांबी-रुंदी एकदा टेपने मोजून घ्या. समजा 4 मीटर गुणिले 3 मीटर, म्हणजे 12 चौरस मीटर. दहा हजार लिटर म्हणजे 10 घनमीटर. टाकीतलं पाणी साधारण 83 सेंटिमीटर चढलं पाहिजे. टाकीच्या भिंतीवर ऑइलपेंटने पट्टी रंगवून घ्या, टँकर रिकामा होईपर्यंत वरचा पंप बंद ठेवा, आणि आधीचा व नंतरचा आकडा चलनाच्या मागे लिहा. हे रोज नाही केलं तरी चालेल. आठवड्यातून दोनदा, न सांगता करा. 70 सेंटिमीटर चढलं तर आलेलं पाणी सुमारे 8,400 लिटर. हा हिशेब टँकरवाल्यालाही येतो. तुम्ही मोजताय हे त्याला कळलं पाहिजे.

एसटीपीसाठी रोज दोन मीटर वाचायचे: पाण्याचा आणि विजेचा. वीज चालू आणि पाणी शून्य, किंवा पाणी आहे पण ब्लोअरची (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राची) वीज नाही, म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदी खुर्चीत बसून भरल्या आहेत. पाण्याच्या तपासणीचा नमुना ठेकेदाराने स्वतः बाटलीत भरून नेऊ नये. प्रयोगशाळेच्या माणसाने कमिटीच्या माणसासमोर घ्यावा.

अग्निशमन यंत्रणेचा ठेका असेल तर महाराष्ट्रात परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यायचा असतो. तो वेळेवर यायला हवा, पण त्याआधी तुम्ही स्वतः हायड्रंट उघडून पाणी वर येतं का ते पाहिलेलं हवं. कागद वेळेवर येतो. पाणी येईलच असं नाही.

वॉचमनचं मस्टर (हजेरीपट) दर महिन्याला पीएफच्या चलनासोबतच्या यादीशी जुळवा. मस्टरवर बारा नावं आणि यादीत आठ, तर चार माणसांचा पीएफ कोणी भरलेला नाही. सुरुवातीला ही तफावत शोधायला तासभर लागतो, पुढे दहा मिनिटं.

रहिवाशांच्या तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात आणि तिथेच वाहून जातात. त्या मॅनेजरकडून एका रजिस्टरमध्ये उतरवून घ्या: कधी आली, कधी मिटली. महिन्याअखेर मिटलेल्या तक्रारींचा सरासरी वेळ काढा. एवढा एकच आकडा दर महिन्याला सगळ्या सोसायट्यांना पाठवला तरी ठेकेदार सावध होतो.

पायरी 7: बिल

काम झालं असं प्रमाणित करणारा, बिल मंजूर करणारा आणि चेकवर सही करणारा, हे तीन वेगळे लोक असावेत. लहान फेडरेशनमध्ये माणसं कमी असतात. तरी पहिला आणि शेवटचा एक नको. प्रमाणपत्रावर नुसतं 'काम ठीक' नको. नोंदींवरून काढलेली कपात किती, हे आकड्यात हवं, शून्य असेल तर 'शून्य' असं.

ठेकेदाराला टीडीएस कापूनच पैसे द्या: एका बिलाला 30,000 किंवा वर्षभरात 1,00,000 रुपयांच्या वर गेलं की व्यक्ती वा हिंदू अविभक्त कुटुंबाला 1 टक्का, बाकीच्यांना 2 टक्के. मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन जोडलेलं नसेल तर बिल थांबवा. 'पुढच्या वेळी देतो' हे एकदा ऐकलं की वर्षभर ऐकावं लागतं.

इथे माणुसकीचा प्रश्न येतो. बिल थांबवलं तर ठेकेदार वॉचमनचा पगार थांबवतो, आणि गेटवरचा काका तुम्हाला रोज भेटतो. म्हणून करारातच लिहून घ्या: बिल अडलं तरी ठेकेदाराने पगार सात तारखेला द्यायचा, नाही दिला तर फेडरेशन थेट देईल आणि बिलातून वळतं करेल.

पायरी 8: सभा आणि हिशेबतपासणी

आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्याआधी हिशेबतपासणी झालेली लागते. तुम्ही त्या सभेची वाट पाहू नका. दर तीन महिन्यांनी एका पानाचा अहवाल मागा: ठेकानिहाय मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, कपात, तक्रारी. तीच प्रत आपल्या सोसायटीच्या फलकावर लावा.

लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर संस्थेने दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे 'ओ' नमुना, द्यायचा असतो. मागच्या तीन वर्षांचे 'ओ' नमुने काढून शेजारी ठेवा. तोच दोष आणि तेच 'यापुढे काळजी घेऊ' तिन्ही वर्षी दिसलं तर सभेत नेमका तोच प्रश्न विचारा. कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर सामूहिक आणि वैयक्तिक अशी दोन्ही असते. तुम्ही कमिटीत असाल आणि एखादा निर्णय पटला नसेल तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. घरी येऊन बायकोला किंवा नवऱ्याला सांगितलेला विरोध नोंदला जात नाही.

पायरी 9: बिनसलंच तर

आधी फेडरेशनच्या सचिवांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मग आपल्या कमिटीचा ठराव करून विषय अजेंड्यावर मागा. तरी दाद मिळाली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार. व्यवस्थापन, सभा, हिशेब अशा संस्थेच्या कामकाजावरून सोसायटी आणि फेडरेशन यांच्यात वाद असेल तर अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येतं.

ठेकेदाराशी असलेला वाद मात्र तिथे सहसा चालत नाही, कारण तो संस्थेचा सभासद नसतो. त्यासाठी दिवाणी न्यायालय किंवा लवाद. म्हणून पुढचा करार करताना वादाची जागा, लवाद कोण नेमणार आणि वाद चालू असताना काम व अनामत यांचं काय, हे तीन मुद्दे वकिलाकडून लिहून घ्या. जुन्या करारात हा परिच्छेद बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी संकुलाच्या करारातून जसाच्या तसा उतरवलेला असतो, त्या शहराच्या नावासकट.